डब्याला फक्त घड्याळ कळतं

काका टीव्हीवर येणार ही बातमी मला पुण्यात एका संध्याकाळी तीन फोनवरून कळली आणि तिन्ही फोनवर वेळ निराळी होती. आई म्हणाली साडेसहा, आत्या म्हणाली सात वाजता नक्की. खुद्द काका म्हणाले, "संध्याकाळी कधीतरी, गणपती झाल्यावर. कळवतील."

काकांची चिपळूणजवळ आंब्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. जुलैत, कोय कलमांच्या ऐन हंगामात, सह्याद्री वाहिनीवरच्या शेतीच्या कार्यक्रमासाठी चित्रीकरण करायला माणसं आली होती. पावसात कॅमेऱ्यावर छत्री धरून दोन तास काम चाललं. काकांनी कोयीला फुटलेला तांबूस कोंब कापून, त्यात पाचर बसवून, प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून कलम बांधून दाखवलं. आता ते गावाला दिसणार होतं. आईनं फोन ठेवता ठेवता सांगितलं, "तेवढं टेप करून ठेव हो."

आमच्याकडे अजून 'टेप करणं' असंच म्हणतात. हा शब्द बाबांचा. व्हीसीआरच्या काळात त्यांनी घरभर कॅसेटी केल्या आणि पुढे पैसे भरून घेतलेल्या डिशबरोबर रेकॉर्डिंगचा बॉक्स आला तेव्हा त्यावर नाट्यसंगीत आणि कीर्तनं भरायला सुरुवात केली. ५०० जीबीची डिस्क होती आत. बाबा गेल्यावर वर्षभरानं आम्ही ते कनेक्शन बंद केलं. मग एकदा आईला त्यातलं एक कीर्तन ऐकावंसं वाटलं म्हणून बॉक्स लावला, तर यादी सगळी दिसत होती, बाबांनी तारखेसकट ठेवलेली, पण कशावरही ओके दाबलं की पडद्यावर रिचार्ज करा. मी शहाणपणा करून डिस्क बाहेर काढली आणि लॅपटॉपला जोडली. लॅपटॉप म्हणाला, डिस्क फॉरमॅट करायची आहे का?

तेव्हा वाचून कळलं ते असं. पैशाच्या वाहिन्या आकाशातूनच कुलूपबंद येतात. तो बॉक्स त्या पाहण्यापुरत्या उघडतो, पण डिस्कवर ठेवताना पुन्हा कुलूप लावून ठेवतो आणि त्याची किल्ली त्याच बॉक्सात, त्याच वर्गणीला बांधलेली असते. म्हणजे बाबांनी टेप केलं होतं ते त्यांचं नव्हतंच, भाड्याचं होतं. तो बॉक्स आईनं टाकलेला नाही. माळ्यावर आहे.

म्हणून काकांच्या वेळी ठरवलं की जे टेप करायचं ते फाइल म्हणून हातात आलं पाहिजे. मग उरतं ते फुकट टीव्ही. दूरदर्शनची डीटीएच सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली, आता तिला डीडी फ्री डिश म्हणतात. महिन्याची वर्गणी नाही आणि सह्याद्रीसारख्या वाहिन्या कुलूप न लावता येतात, त्यामुळे साध्या फ्री-टू-एअर बॉक्सला त्या उघड्या मिळतात. अशा बऱ्याच बॉक्सना पुढे किंवा मागे यूएसबीचं तोंड असतं आणि रिमोटवर लाल ठिपक्याचं बटण. त्यात पेनड्राइव्ह घातला की झाला रेकॉर्डर. निदान दुकानदारानं असंच सांगितलं. छत्री म्हणजे डिश, तिच्या तोंडाशी सिग्नल झेलणारा एलएनबी, वायर, बॉक्स मिळून चौदाशे रुपये.

गणपतीला घरी गेलो तेव्हा हे सगळं मोटारीत मागच्या सीटवर, मखराच्या सामानाखाली.

छत्री लावायला मला अर्धा दिवस लागला. फ्री डिशचा उपग्रह, जीसॅट-१५, विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. चिपळूणहून तो आग्नेयेला, दक्षिणेपासून जवळजवळ ५० अंश पूर्वेकडे आणि आभाळात साधारण ५९ अंश वर पडतो. एवढ्या वर असल्यामुळे कौलांचा किंवा समोरच्या घराचा अडथळा येत नाही. आमच्याकडे आला तो माडाचा. झाप वाऱ्यानं एका बाजूला गेलं की सिग्नलची पट्टी हिरवी, परत आलं की लाल. जुन्या ॲन्टेनाच्या दिवसांत असं झालं असतं तर चित्रात मुंग्या आल्या असत्या आणि आम्ही मुंग्यांतून बातम्या पाहिल्या असत्या. डिजिटलचं तसं नाही. सिग्नल पुरेसा असेल तोवर चित्र काचेसारखं आणि जरा खाली गेला की चौकोन चौकोन, मग काहीच नाही. मध्ये काही शिल्लक नसतं. शेवटी छत्री गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेली. माड तोडायचं कुणी सुचवलं नाही, आणि सुचवलं असतं तर मी आईपुढे बोललो नसतो.

पेनड्राइव्हची गोष्ट छोटी आहे पण त्यात एक दिवस गेला. ऑफिसमधून आणलेला ६४ जीबीचा पेनड्राइव्ह लावला तर बॉक्स म्हणे यूएसबी सापडला नाही. मग घरातली पोर्टेबल हार्ड डिस्क लावली, तर बॉक्स दर दोन मिनिटांनी बंद पडून पुन्हा सुरू. डिस्कचं कारण लवकर कळलं. फिरती डिस्क सुरू होताना जेवढा करंट ओढते तेवढा त्या छोट्या अ‍ॅडॉप्टरला झेपत नाही, सगळाच बॉक्स बसतो. पेनड्राइव्हचं कारण असं की तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला होता आणि बऱ्याच स्वस्तातल्या बॉक्सना एक्सफॅट वाचता येत नाही, फॅट३२ येतं. फॅट३२ केल्यावर लगेच ओळखला. मात्र त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून लांब रेकॉर्डिंगचे बॉक्स आपोआप तुकडे पाडतो. अर्ध्या तासाला साधारण ८५० एमबी लागत होते, म्हणजे एक तुकडा अडीच तासांना पुरतो. काकांना अडीच तास कुणी दाखवणार नव्हतं.

आता खरी गोष्ट, घड्याळाची.

मी रंगीत तालीम म्हणून आईची रोजची मालिका निवडली, एका खासगी वाहिनीवरची, संध्याकाळी सातची. टायमर लावला: वाहिनी, तारीख, सात ते साडेसात, एकदाच. सात वाजता आरती सुरू होती. आरती संपवून येऊन पाहिलं तर पेनड्राइव्ह रिकामा. टायमर मात्र यादीत तसाच, वाट पाहत बसलेला. मला वाटलं बटण चुकलं असेल. सकाळी उठून पाहिलं तर फाइल तयार! लावून पाहिली. त्यात एक बाई अर्धा तास सांधेदुखीचं तेल विकत होत्या.

बॉक्स रात्री साडेबाराला जागा झाला होता आणि त्याच्या हिशेबानं तो अगदी वेळेवर होता. उपग्रहावरून वाहिन्यांबरोबर वेळही येते, पण ती ग्रीनिच वेळ असते. आपण भारतात आहोत, त्यात साडेपाच तास मिळव, हे बॉक्सला मेनूत जाऊन सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं. बॉक्सच्या कपाळावरच्या चार लाल आकड्यांत फक्त वाहिनीचा नंबर दिसतो, वेळ दिसत नाही, त्यामुळे तो लंडनात राहतोय हे आम्हाला कळायला मार्गच नव्हता.

साडेपाच तास मिळवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सात ते साडेसात. या वेळी मालिकाच आली, पण सुरुवातीला आधीच्या कार्यक्रमाचं शेपूट आणि शेवटी ऐन मोक्याच्या वाक्यावर फाइल संपलेली. आई म्हणाली, "मग, मी सांगत होते ना, ती सात पाचला सुरू होते." मी पाच मिनिटं पुढे सरकवलं. तिसऱ्या दिवशी सुरुवातच कापली गेली. मी वहीत रकाने आखून बसलो: बॉक्सची वेळ, मोबाइलची वेळ, आईची वेळ. बॉक्स आणि मोबाइल सेकंदाला जुळत होते. मालिका एक दिवस सात वाजून तीन मिनिटांनी, एक दिवस सात वाजून एक मिनिटानं सुरू झाली होती. आणि आईचं सात पाच हे भिंतीवरच्या घड्याळातलं होतं, जे बाबांनी कधीकाळी मुद्दाम पुढे लावून ठेवलं, एसटी चुकू नये म्हणून. घरातल्या सगळ्यांना ते माहीत आहे आणि सगळे ते विसरतात.

त्या रात्री मला या यंत्राचा स्वभाव कळला. माझी समजूत अशी होती की मी त्याला मालिका टेप करायला सांगतोय. त्याला मालिका माहीतच नाही. त्याला वाहिनी कळते, सुरुवात कळते, शेवट कळतो. त्या दोन वेळांच्या मधून जे काही वाहत जाईल ते तो बादलीत धरतो, मग ते कीर्तन असो की तेल. महागड्या बॉक्सना कार्यक्रमाचं वेळापत्रक वाचता येतं आणि कार्यक्रम लांबला तर मागे धावता येतं असं म्हणतात. माझ्या बॉक्सचं वेळापत्रकाचं पान उघडलं की बहुतेक वेळा कोरं असे. मग एकच उपाय, बादली मोठी घ्यायची. आधी पंधरा मिनिटं, नंतर वीस मिनिटं जास्तीची. जागा भरपूर होती आणि नको असलेलं कापता येतं. न आलेलं मात्र जोडता येत नाही.

याच काळात घरात एक छोटं भांडण झालं. एका तालमीच्या वेळी आईला दुसरी वाहिनी पाहायची होती आणि बॉक्स सोडत नव्हता: रेकॉर्डिंग थांबवू का, विचारत होता. मी तिला सांगितलं की एका वेळी एकच. तिनं रिमोट घेतला, चार-पाच बटणं दाबली आणि दुसरी वाहिनी लावून दाखवली, रेकॉर्डिंग चालू असताना. मग मी वाचायला बसलो. उपग्रहावरच्या एका ट्रान्सपॉन्डरवरून, म्हणजे एका प्रक्षेपकावरून, अनेक वाहिन्या एकाच गाठोड्यात येतात. बॉक्समध्ये ट्यूनर एकच असला तरी तो सगळं गाठोडं उतरवून घेतो. एक वाहिनी टेप होत असताना त्याच गाठोड्यातली दुसरी पाहता येते, दुसऱ्या गाठोड्यातली नाही. आईला गाठोडी माहीत नव्हती, तिनं कोणते नंबर चालतात तेवढं पाहून ठेवलं होतं. तिची यादी माझ्या वाचनाशी तंतोतंत जुळली.

सात दिवसांचे गणपती विसर्जन करून मी पुण्याला परतलो. दोन दिवसांनी काकांना फोन आला: गुरुवारी संध्याकाळी साडेसहा, आणि तोच भाग शुक्रवारी सकाळी आठ वाजता पुन्हा. आईला फोनवर एकेक पायरी सांगत मी गुरुवारचा टायमर लावून घेतला, सव्वासहा ते सात वाजून वीस. तिची एकच शंका होती: "टीव्ही बंद असताना कसं रे टेप होईल?" मी म्हटलं, टीव्ही फक्त काच आहे, काम बॉक्स करतो. ती म्हणाली, "बरं." हे 'बरं' मी नीट ऐकायला हवं होतं.

गुरुवारी आख्खी वाडी काकांच्या घरी जमली. त्यांचा टीव्ही मोठा. आई, आत्या, शेजारीपाजारी सगळे तिकडे. मी पुण्यात ऑफिसमधून बाहेर पडेपर्यंत सात वाजले आणि फॅमिली ग्रुपवर काकांच्या टीव्हीच्या पडद्याचे आडवेतिडवे फोटो येऊन पडले होते. मी निर्धास्त होतो. रात्री नऊला आईला फोन केला.

"आला का ग टेप होऊन?"

"बघते हां. बॉक्सचा दिवा लागत नाहीये."

"लागत नाहीये म्हणजे?"

"बोर्डाचं बटण बंद आहे. मी जाताना सगळं बंद करून गेले ना."

तीस-चाळीस वर्षं कुलूप लावण्याआधी ती घरातलं प्रत्येक बटण पाहत आली आहे. कोकणात विजा अशा पडतात की घरातून निघताना बोर्ड बंद करणं हा शहाणपणाच असतो, आणि बाबांचा एक टीव्ही विजेनं गेलेला आहे. मी तिला काय बोलणार? रिमोटनं बंद केलेला बॉक्स झोपलेला असतो, वेळ झाली की उठतो. बोर्डावर बंद केलेल्या बॉक्सला कसली वेळ? काकांचा कार्यक्रम टेप झाला नाही तो सगळी वाडी काकांचा कार्यक्रम बघायला गेली म्हणून.

आता उरली शुक्रवारची सकाळ. हवामानाचा अंदाज पावसाचा होता आणि पावसाबरोबर लाइट जाणार हे सांगायला अंदाज लागत नाही. आमच्या घरी इन्व्हर्टर नाही. मग आठवलं की बॉक्स १२ व्होल्टवर चालतो, अ‍ॅडॉप्टरवर तसं लिहिलेलं आहे. इंटरनेटच्या राउटरसाठी मिळतात ते तळहाताएवढे यूपीएसही १२ व्होल्टचेच. एलएनबीला वेगळी वीज लागत नाही, ती बॉक्सकडूनच त्या जाड वायरीतून वर जाते. आणि टीव्ही तर काच! म्हणजे तेवढी एक डबी लावली तर लाइट गेल्यावरही छत्रीपासून पेनड्राइव्हपर्यंत सगळं चालू राहील. आतेभाऊ चिपळुणात राहतो, त्याच्या राउटरला तसा यूपीएस होता. रात्री साडेदहाला रेनकोट घालून तो बाइकवरून घेऊन आला. त्या रात्री त्याच्या घरी लाइट गेली तर नेट नाही म्हणून वहिनींचं बोलणं खाल्लं असेल, ते त्यानं सांगितलं नाही.

वायरीचं टोक बॉक्सच्या भोकात बसतंय का, प्लस-मायनस जुळतंय का, हे व्हिडिओ कॉलवर तपासलं. (हे जुळवल्याशिवाय लावू नका. अ‍ॅडॉप्टरवर गोलाचं छोटं चित्र असतं, आतला ठिपका प्लस की मायनस ते त्यात दिसतं.) बटण बंद करून पाहिलं: बॉक्स चालू. मग एक भानगड लक्षात आली. मधल्या बंद-चालूत बॉक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० झालं होतं. संगणकांच्या एका मोठ्या घराण्याची कालगणना तिथून सुरू होते, वेळ ठाऊक नसली की ते तिथे जाऊन उभे राहतात. एखादी वाहिनी लावून मिनिटभर थांबलं की आकाशातून वेळ येते आणि बॉक्स आजच्या दिवसात येतो. पण लाइट आल्यावर कुणी वाहिनी लावलीच नाही, तर तो १९७० मध्येच झोपी जातो आणि त्याच्या लेखी शुक्रवार यायला पन्नासहून जास्त वर्षं असतात. माझी खात्री आहे की बटण बंद नसतं तरी गुरुवारी हे झालंच असतं, कारण त्या दुपारीही लाइट दोनदा गेली होती.

म्हणून आईला सांगितलं, सकाळी साडेसातला सह्याद्री लावायचं, मेनूत घड्याळ बघायचं, मला सांगायचं, आणि मग रिमोटनं बंद. बोर्डाला हात लावायचा नाही. आतेभावानं बटणावर चिकटपट्टी लावली आणि वर पेननं लिहिलं, 'हात लावू नये, काका'.

सात एकतीसला फोन आला. "सात छत्तीस."

"बॉक्सवर?"

"नाही, भिंतीवर. थांब, बॉक्सवर बघते. सात एकतीस."

टायमर होता पावणेआठ ते आठ पन्नास. सात चाळीसला लाइट गेली. आठ वाजता पाऊस सुरू झाला. मी पुण्यात चहा घेत बसलो होतो आणि गच्चीवरच्या छत्रीचा विचार करत होतो. या वाहिन्या ११ गिगाहर्ट्झच्या आसपास उतरतात, त्यांची लहर तीन सेंटिमीटरहून थोडी आखूड. एवढ्या बारीक लहरीला पावसाचे मोठे थेंब शोषतात आणि विस्कटून टाकतात. रिमझिम चालते, कोकणातला पाऊस चालत नाही. छत्री मोठी असती तर थोडी गंगाजळी राहिली असती. आमची दुकानदारानं दिली तेवढी.

नऊ वाजता आई म्हणाली, "फाइल आहे. एकोणीसशे सत्तर नाही, आजचीच आहे."

पेनड्राइव्ह आतेभावाकडून पुण्याला यायला चार दिवस लागले. ६५ मिनिटं, साधारण पावणेदोन जीबी. काका सोळाव्या मिनिटाला उगवले आणि पुढची सात मिनिटं पडद्यावर होते. चौथ्या मिनिटाला सर आली असावी. काका चाकू कोयीच्या कोंबाला टेकवून म्हणतात, "आता ही पाचर..." आणि थिजतात. तोंडाचे चौकोन, हाताचे चौकोन, आवाज बंद. अकरा सेकंदांनी ते परत येतात तोवर पाचर बसलेली असते.

पण फाइल मोडली नव्हती, आणि याचं मला कौतुक वाटलं. आकाशातून येणारा प्रवाह १८८ बाइटच्या छोट्या पुडक्यांचा बनलेला असतो. प्रत्येक पुडकं कोणत्या वाहिनीचं, चित्राचं की आवाजाचं, हे त्याच्या माथ्यावर लिहिलेलं असतं. वाटेत पुडकी गळणार हे गृहीत धरूनच ही मांडणी केलेली आहे. गळली ती गळली, पुढचं पुडकं ओळखीचं मिळालं की गाडी पुन्हा सुरू. बॉक्स हे प्रवाहाचं पाणी जसंच्या तसं पेनड्राइव्हवर सोडतो, स्वतः काही शिजवत नाही. म्हणूनच टेप केलेलं चित्र थेट पाहिलेल्या चित्राइतकंच चांगलं असतं, आणि तेवढंच वाईट.

कापाकापीला एफएफएमपेग हा व्हिडिओचा प्रोग्रॅम वापरला, चित्र पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे नव्यानं न शिजवता, नुसतं कॉपी करून. त्यात एक गोम आहे. प्रत्येक फ्रेम पूर्ण चित्र नसते. साधारण अर्ध्या सेकंदाला एक आख्खं चित्र येतं, मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं ते असतं. कात्री त्या आख्ख्या चित्रापाशीच लागते. त्यामुळे काकांच्या आधी अर्धा सेकंद एका खताच्या पोत्याचं दर्शन होतं, ते तसंच ठेवलं. लॅपटॉपवर पाहताना हलणाऱ्या हातांच्या कडांना फणीचे दात दिसत होते. प्रक्षेपण ५७६ ओळींचं, पण एका वेळी एकआड एक ओळी येतात, त्यामुळे असं होतं. व्हीएलसी प्लेअरमध्ये या ओळी जुळवणारं डीइंटरलेस चालू केलं की दात जातात. सात मिनिटांची फाइल २०० एमबीच्या आतबाहेर झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून टाकला असता तर त्यानं पिळून पार रया घालवली असती, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवली.

वकील असलेल्या चुलतबहिणीनं लगेच विचारलं, हे चालतं का? तिनंच उत्तर दिलं: कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ मध्ये स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रसारण टेप करायला मोकळीक आहे. काकांनी तोपर्यंत ते चार ग्रुपवर पुढे पाठवलं होतं. त्याला खासगी म्हणायचं का, यावर ती काही बोलली नाही.

रात्री काकांचा फोन आला. मला वाटलं आभार मानतील.

"मी दोन तास बोललो होतो."

"हो, काका."

"सातच मिनिटं आहेत यात. पट्टी बांधल्यावर वरून पिशवी घालतात, ते नाही. पाणी किती घालायचं, ते नाही. तू कापलंस?"

मी सांगितलं की मी फक्त मागचं-पुढचं कापलं, आतलं त्यांनीच कापून दाखवलं. काकांना पटलं नाही. ते म्हणाले गुरुवारी मी बघितलं तेव्हा पिशवी होती. पिशवी नव्हती, मी आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, "होती." शेवटी मी ६५ मिनिटांची आख्खी फाइल, आधीच्या कार्यक्रमाच्या पंधरा मिनिटांसकट, जशी आली तशी पेनड्राइव्हवर घालून परत पाठवली. काकांनी ती बसून पूर्ण पाहिली. पिशवी नव्हती. आता ते म्हणतात की पिशवी त्या अकरा सेकंदांत होती. ते अशक्य आहे, पिशवी पाचर बसवल्यानंतर घालतात, आणि हे मला त्यांनीच शिकवलेलं आहे. पण अकरा सेकंदांत काय होतं हे माझ्याकडच्या फाइलवरून मला सिद्ध करता येत नाही.

मला वाटलं होतं की काम झाल्यावर आई बॉक्स बाजूला ठेवेल. पुण्यात मी हौसेनं रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, यूएसबी ट्यूनर आणि टीव्हीहेडएन्ड हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम असा एक रेकॉर्डर जमवला, ज्यात मागे-पुढे किती जास्तीचं घ्यायचं हे एकदा सांगितलं की झालं, आणि फोनवरून टायमर लावता येतो. तो घरी नेऊन लावू का, असं विचारलं. आईनं नको म्हटलं. "ह्याच्या रिमोटवर लाल बटण आहे, मला कळतं." यूपीएस आम्ही नवा घेतला, आतेभावाचा परत केला. बटणावरची चिकटपट्टी तशीच आहे, फक्त 'काका' पुसट झालंय.

परवा रविवारी सकाळी तिचा फोन आला. सह्याद्रीवर नाट्यसंगीताची जुनी मैफल दाखवणार आहेत असं कुणीतरी सांगितलंय, टायमर लावून घेते म्हणाली. रात्रभर लाइट नव्हती.

"वाहिनी लावून घड्याळ बघितलंस?"

"बघितलं. नऊ बावीस."

"बॉक्सवर ना?"

"बॉक्सवर. भिंतीवर नऊ सत्तावीस आहेत, ते मी मनात वजा केले."

"किती वाजता आहे मैफल?"

"दहाला. मी पावणेदहापासून लावते. आणि शेवट साडेअकरा धर, ते गवई लवकर थांबायचे नाहीत, तुझे बाबा म्हणायचे."